मापाच्या वहीतले फौजदारसाहेब

पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर तीन तारे असतात आणि सहायक पोलीस आयुक्ताच्या खांद्यावरही तीनच असतात. निरीक्षकाच्या खांद्याची पट्टी जिथे बाहीच्या शिवणीला मिळते, तिथे लाल-निळी फीत असते. सहायक आयुक्ताला ती नसते. म्हणजे खात्यातली ही एक मोठी बढती अशी आहे, की तिच्यात अंगावर नवे काही चढत नाही, उलट असलेले उतरते. मला हे वयाच्या अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे, कारण आमचे दुकान मुंबईत नायगावला पोलिसांच्या मैदानापासून चालत पाच मिनिटांवर होते आणि वडील गणवेश शिवत असत.

दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा होता. त्यात दोन पायमशिनी, कापडावर खडूने रेघा मारायचे लांब टेबल, आधी कोळशाची आणि मग विजेची इस्त्री, आणि काज-बटणाला बसणारे एक काका एवढे सगळे मावत असे. माझे अक्षर बरे म्हणून शाळा सुटल्यावर मापाची वही माझ्याकडे येई. गिऱ्हाईक आरशासमोर उभे राही, वडील टेप लावून आकडे सांगत आणि मी पाठमोरी बसून ते उतरवून घेई: लांबी, छाती, कमर, शोल्डर, बाही, कॉलर. इतर शिंप्यांच्या वहीत नसणारा एक रकाना आमच्या वहीत नावाशेजारी होता, तो हुद्द्याचा. तारे किती, फीत हवी की नको, बाहीवर पट्टे किती, हे सारे त्या रकान्यावरून ठरे. भावाने गेल्या वर्षी गाळा विकला तेव्हा रद्दीत निघालेल्या अशा अकरा वह्या मी घरी आणल्या आणि गेले काही महिने संध्याकाळी त्या चाळते आहे. पोलिसाच्या नोकरीची अधिकृत नोंद सेवापुस्तकात असते. पण एकाच माणसाची तीस वर्षांची मापे एकाखाली एक मांडली तर तेही एक सेवापुस्तकच होते, आणि त्यात वरिष्ठांचा शेरा नसतो.

ज्यांची मापे मी अशी मांडली आहेत त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. वडील त्यांना फौजदारसाहेब म्हणत. कागदोपत्री त्या पदाला पोलीस उपनिरीक्षक म्हणतात, पण नायगावात फौजदार हाच शब्द चाले. १९८५ साली ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा नाशिकचे प्रशिक्षण संपवून नुकतेच मुंबईत रुजू झालेले होते. वहीत नोंद आहे: छाती ३६, कमर २९, शोल्डर १७. यातला शेवटचा आकडा चुकलेला आहे. वडिलांनी १८ सांगितले होते आणि मी १७ लिहिले. शर्ट शिवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी कवायतीच्या सरावात कुणा साहेबांना सलाम ठोकताना काखेत टरकन फाटला. ते संध्याकाळी तो शर्ट घेऊन आले. मी टेबलाखाली लपायच्या बेतात होते. ते वडिलांना एवढेच म्हणाले, "मास्तर, या खात्यात सलाम ठोकल्याशिवाय भागत नाही हो. तेवढी सोय ठेवा." वडिलांनी शोल्डर खोलून वाढवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. वहीतला १७ मी खोडून दुरुस्त केला नाही, का ते आता आठवत नाही.

या खात्याची रचना समजून घ्यायची तर हुद्द्यांची उतरंड पाठ करून भागत नाही. आत शिरायची दारे पाहावी लागतात. ती चार आहेत, आणि माणूस कोणत्या दाराने आत आला यावर तो कोणत्या मजल्यापर्यंत जाणार हे बहुतांशी ठरून गेलेले असते. पहिले दार शिपायाचे, मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा देऊन. दुसरे फौजदाराचे, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नाशिकला जाणाऱ्यांचे. तिसरे राज्यसेवेतून थेट उपअधीक्षक होणाऱ्यांचे. त्यालाच मुंबईत सहायक आयुक्त म्हणतात. चौथे भारतीय पोलीस सेवेचे, दिल्लीची परीक्षा, मग मसुरी आणि मग हैदराबादची राष्ट्रीय अकादमी. शिपाई फौजदार होऊ शकतो, कारण सेवाप्रवेश नियमांत फौजदाराच्या निम्म्या जागा सरळ भरतीच्या, एक चतुर्थांश खात्यांतर्गत परीक्षेच्या आणि एक चतुर्थांश ज्येष्ठतेच्या ठेवलेल्या आहेत. आयपीएसच्या संवर्गातही एक तृतीयांश जागा राज्यसेवेतून वर येणाऱ्यांना असतात. म्हणजे मजल्यामजल्यांमध्ये जिने आहेत, पण ते अरुंद आहेत आणि रांग फार मोठी आहे.

ही घडण इंग्रजांची आहे. १९०२-०३ साली अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली जो पोलीस आयोग बसला, त्याने साधारण असाच आराखडा घालून दिला: सर्वांत वर लंडनला परीक्षा देऊन येणारे गोरे अधिकारी, त्यांच्याखाली हिंदी माणसांसाठी उपअधीक्षकाचे नवे पद, ठाणे सांभाळायला बाहेरून थेट भरलेला शिकलेला फौजदार, आणि तळाशी शिपाई, ज्याने फौजदारकीची फारशी आशा धरू नये. फौजदार थेट भरायचा तर त्याला आधी शिकवले पाहिजे, म्हणून १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ साली ती नाशिकला गेली. आमचे फौजदारसाहेब जिथे घाम गाळून आले ती हीच. गोरे अधिकारी गेले, लंडनची परीक्षा दिल्लीला आली, चारही दारे मात्र जिथल्या तिथे राहिली.

त्यांच्या मापांकडे परत येते. कमरेचा रकाना वाचला की त्यांची बदली कुठे झाली होती हे जवळजवळ सांगता येते. १९८८ साली २९ ची ३१ झाली, कारण तोवर तीन वर्षे ते ठाण्यात रात्रपाळ्या करत होते आणि रात्री अडीच वाजता स्टेशन डायरीशेजारी जे खाणे येते ते बहुधा वडापावच असते. १९९१ च्या पानावर "पांढरा शर्ट २, खाकी पँट २" असे आहे, म्हणजे वाहतूक शाखा; त्या वर्षी कमर तशीच राहिली, पण कॉलर अर्ध्या इंचाने वाढवून घेतली होती, कारण चौकात उन्हात उभे राहून मानेला घामोळे येई. मग वर्षभर काहीच नोंद नाही. गुन्हे शाखेत गेलेला माणूस साध्या वेषात वावरतो, त्यामुळे तो शिंप्याच्या वहीतून नाहीसा होतो. वडील म्हणत, गुन्हे शाखेची ऑर्डर निघाली की घरात पेढे येतात आणि आमच्या दुकानात मंदी येते.

१९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी या दंगलीच्या दोन महिन्यांत वहीत कुणाचेच माप नाही. त्या दिवसांत नवे कपडे शिवायला कुणाला उसंत नव्हती. शर्ट येत ते दुरुस्तीला, बाही उसवलेले, खिशाची टोपी लोंबणारी, गुंड्या तुटलेले. वडिलांनी ते मापाच्या वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर लिहिले आणि पुढे तो कागद हरवला. १२ मार्चला स्फोट झाले तेव्हा दुकानात आलेला एक हवालदार ट्रायल अर्धवट टाकून, अंगात टाचण्या लावलेला शर्ट तसाच ठेवून पळाला होता, एवढे मला आठवते.

फौजदारसाहेबांच्या नोंदींत यानंतर १९९५ ते १९९८ अशी तीन वर्षांची आणखी एक पोकळी आहे, आणि ती गुन्हे शाखेमुळे पडलेली नाही. त्यांच्या ताब्यातला एक आरोपी न्यायालयात नेताना लोकलच्या गर्दीत निसटला. तो चार दिवसांनी सापडलाही, पण विभागीय चौकशी लागली. तिला खात्यात डी.ई. म्हणतात, आणि हा शब्द पोलीस वसाहतीत घरातली बायकामुलेही आजाराच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारतात. चौकशी चालू असेपर्यंत बढतीचा लिफाफा बंद राहतो. त्यांच्याबरोबर नाशिकहून आलेले मित्र फौजदाराच्या वरच्या पायरीवर, म्हणजे सहायक निरीक्षक होऊन खांद्यावर तिसरा तारा लावून दुकानात येत होते आणि हे जुनेच शर्ट कॉलर उलटून घ्यायला आणत होते. कॉलर उलटणे ही आता इतिहासजमा झालेली कला आहे: झिजलेली बाजू आत घालून आतली चांगली बाजू वर आणायची. तीन वर्षांत त्यांनी एकही नवा गणवेश शिवला नाही. शेवटी दोन वेतनवाढी रोखून प्रकरण मिटले.

या पोकळीबद्दल मी त्यांना एकदा विचारले होते, फार नंतर. ते म्हणाले, शिक्षेचे काही वाटले नाही, चूक झाली होती. पण सेवाज्येष्ठतेच्या यादीत एकदा मागे पडलेला माणूस निवृत्त होईपर्यंत मागेच राहतो, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते.

याच ठिकाणी फौजदाराची वाट आणि आयपीएस अधिकाऱ्याची वाट वेगळी होते. आयपीएसच्या बढत्या साधारणपणे वर्षांच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत. ४ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, १३ वर्षांनी निवडश्रेणी, १४ वर्षांनी उपमहानिरीक्षक, १८ वर्षांनी महानिरीक्षक, २५ वर्षांनी अपर महासंचालक आणि ३० वर्षे झाली की महासंचालकपदाचा विचार. जागा आणि मूल्यमापन यांनी महिने-वर्षे पुढेमागे होतात, पण घड्याळ चालू असते. फौजदाराला असे घड्याळच नाही. वरची जागा रिकामी झाली पाहिजे, यादी लागली पाहिजे, यादीवर कुणी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेलेले नसले पाहिजे, गेले असेल तर निकाल लागला पाहिजे, आणि मग गोपनीय अहवालात वावगे काही नसले पाहिजे. शिवाय राज्याचा अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि आयपीएसला ६० पर्यंत मुभा असते, म्हणजे ज्याचे घड्याळ बंद त्याचा दिवसही दोन वर्षे लवकर मावळतो.

वडिलांच्या पिढीसमोर याची दोन ठळक उदाहरणे होती. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत शिपाई-हवालदारांनी बंड केले, लष्कर बोलवावे लागले आणि अनेकजण बडतर्फ झाले. आमच्या दुकानात तेव्हा शिवून, इस्त्री करून, कागदात गुंडाळून ठेवलेले काही गणवेश पुढे कुणी न्यायलाच आले नाही. ते पुढची कित्येक वर्षे माळ्यावर होते. त्या वेळी आयुक्त होते ज्युलिओ रिबेरो, १९५३ चे आयपीएस. मुंबईनंतर ते गुजरातचे महासंचालक झाले, केंद्रीय राखीव दलाचे प्रमुख झाले, पंजाबच्या सर्वांत वाईट दिवसांत तिथले महासंचालक झाले आणि पुढे रुमानियात, बुखारेस्टला, राजदूत म्हणून गेले. दुसरे उदाहरण मधुकर झेंडे यांचे. तिहारमधून पळालेल्या चार्ल्स शोभराजला एप्रिल १९८६ मध्ये गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात त्यांनी पकडले, आणि त्याआधी १९७१ सालीही त्यांनीच त्याला पकडलेले होते. जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव आलेला हा निरीक्षक निवृत्त झाला तो सहायक आयुक्त म्हणून. मी या दोघांना तराजूत घालत नाही. दोघांच्या कामाची जातच वेगळी होती आणि रिबेरो यांनी जे पेलले ते ठाण्यातल्या अनुभवाने आपोआप येत नाही. पण एकाची शिडी बुखारेस्टपर्यंत लांबत गेली आणि दुसऱ्याची खांद्यावरची एक फीत उतरवण्यापाशी संपली, हे वडील कात्री चालवता चालवता पुन्हा पुन्हा सांगत, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नसे, नवल असे.

१९९८ च्या अखेरीस फौजदारसाहेब सहायक निरीक्षक झाले आणि बढतीबरोबरच गडचिरोलीची बदली आली. राज्याच्या बाकी भागात अनेक लहान ठाण्यांचा प्रमुख सहायक निरीक्षकच असतो. मुंबईत त्याच हुद्द्याची पाच-दहा माणसे एकाच ठाण्यात टेबल शोधत असतात. त्यामुळे तिकडे ते पहिल्यांदा ठाण्याचे मालक झाले. बायको-मुले नायगावच्या क्वार्टरमध्ये राहिली. दोन वर्षांनी ते परतले तेव्हा वडिलांनी टेप लावला आणि "बत्तीस" म्हणून थांबले. गेले तेव्हा ३४ होती. "पायी फिरावं लागतं मास्तर, गाडीनं गेलं की रस्त्यात सुरुंग," ते सहज म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की तिथे त्यांनी खांद्यावरचे तारे फारसे लावलेच नाहीत, कारण जंगलात चमकणाऱ्या वस्तूने साहेब कोण हे समोरच्याला कळते. हुद्दा मिळवायला तेरा वर्षे लागलेली आणि तो मिळाल्यावर लपवून ठेवायचा, यावर वडील बराच वेळ हसत होते. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नव्हते.

२००३ साली ते निरीक्षक झाले. त्यानंतरच्या नोंदी दोन-दोन वर्षांच्या अंतराने आहेत, आणि त्याला कारण आहे. २००६ साली प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे जे निर्देश दिले, त्यात अधिकाऱ्याला एका जागी किमान दोन वर्षे राहू द्यावे असा एक होता. पुढे तो कायद्यातही आला. मध्येच उचलबांगडी होणे थांबले असे मी म्हणणार नाही, नायगावात कुणीच म्हणणार नाही. पण मे महिन्यात, शाळांना सुट्टी असताना, बदलीची यादी येणार आणि साहेब कुठे जाणार याचा अंदाज वसाहतीतल्या जिन्यांवर महिनाभर आधीपासून बांधला जाणार, ही लय मात्र पक्की होती. एकदा त्यांना नियंत्रण कक्षात टाकले होते. खात्यात त्याला "साइडला टाकणे" म्हणतात. गणवेश तोच, पगार तोच, तारे तेवढेच, आणि तरीही ते दुकानात आले तेव्हा आरशात न बघता उभे राहिले. कमर ३६.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये ते कुठे होते हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. २६ तारखेच्या त्या रात्री हेमंत करकरे आणि अशोक कामटे हे आयपीएस अधिकारी गेले, फौजदार म्हणून भरती झालेले निरीक्षक विजय साळसकर गेले, आणि गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गेले, जे आधी लष्करात होते आणि पोलिसांत आले ते तळाच्या दाराने. २६ जानेवारी २००९ ला चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पदकात हुद्द्याप्रमाणे फरक नव्हता. वडिलांनी त्या दिवशी वर्तमानपत्रातले चार फोटो कापून आरशाच्या चौकटीत खोचले होते, आणि ओंबळ्यांचा फोटो सर्वांत वर.

२०११ साली फौजदारसाहेब "सिनियर" झाले. हा शब्द मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी उलगडून सांगायला हवा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक हा निराळा हुद्दा नव्हे, ठाण्याचा प्रमुख असलेल्या निरीक्षकाचे ते पदनाम आहे. खांद्यावर तेच तीन तारे, तीच फीत. पण मुंबईच्या नव्वदहून अधिक ठाण्यांपैकी एकेकाचा कारभार त्या माणसाच्या टेबलावर येतो. हद्दीतल्या गणपती मंडळांपासून मोर्च्यापर्यंत आणि हरवलेल्या मुलापासून खुनापर्यंत सगळ्याचा जाब आधी त्यालाच विचारला जातो. गुन्ह्याचा एक निरीक्षक आणि कायदा-सुव्यवस्थेचा एक निरीक्षक हाताखाली असले, तरी रात्री तीनला फोन वाजतो तो सिनियरच्या उशाशी. माझे मत विचाराल तर या शहराची पोलिसी खरोखर चालवतो तो सिनियर. आणि हे मत निःपक्षपाती नाही, याची मला जाणीव आहे. वहीत त्या वर्षी कमर ३८ आहे आणि शोल्डर पहिल्यांदाच बदललेले आहे, साडेसतरा. खांदे अर्ध्या इंचाने उतरले होते. वडील तो आकडा सांगताना आवाज खाली आणून बोलले.

पुढच्या वर्षीची एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. आईच्या आजारपणामुळे मी नायगावला मुक्कामाला होते. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंगला चिनी सैन्याच्या गोळीबारात मरण पावलेल्या जवानांच्या आठवणीसाठी तो पाळतात आणि आमच्या मैदानावर त्या सकाळी मानवंदना असते. सहा वाजता दार वाजले. बाहेर फौजदारसाहेब, आणि त्यांच्याबरोबर पस्तिशीही न गाठलेले एक पोलीस उपायुक्त, ज्यांच्या शर्टाच्या खांद्याची पट्टी एका बाजूने सुटली होती. वडिलांनी दुकान उघडले. काज-बटणाचे काका केव्हाच वारलेले, म्हणून सुई माझ्या हाती आली. पट्टी शिवायची तर बिल्ले काढावे लागतात. अशोकस्तंभ आणि एक तारा मी तळहातावर घेतला. पितळेचे वजन ते काय असणार. पण समोर चौपन्न वर्षांचा माणूस हाताची घडी न घालता, दाराशी सावधान उभा होता आणि त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस स्टुलावर बनियनवर बसून चहाची वाट पाहत होता, तेव्हा त्या पितळेचे वजन जाणवल्याशिवाय राहिले नाही.

ते उपायुक्त वाईट नव्हते, हे सांगितले पाहिजे. त्यांनीच फौजदारसाहेबांना दोनदा "बसा ना" म्हटले. वडिलांनी चहा देताना नेहमीप्रमाणे "घ्या फौजदारसाहेब" म्हटले, तेव्हा उपायुक्तांनी भुवया उंचावून विचारले, "सिनियरना फौजदार कसे म्हणता?"

वडील म्हणाले, "आमच्याकडे आले तेव्हा फौजदार होते साहेब. वहीत तसंच आहे."

उपायुक्त हसले, फौजदारसाहेबही हसले, आणि मग सव्वासहाला दोघे मैदानाकडे चालत गेले, एक पाऊल पुढे-मागे.

त्या सकाळीनंतर मी यावर बराच विचार केला. वरून येणाऱ्या अधिकाऱ्याची बाजू मला कळते. स्थानिक लागेबांधे नसलेला, संपूर्ण राज्याकडे आणि प्रसंगी देशाकडे पाहू शकणारा माणूस वर असावा, आणि तो तरुण असताना तिथे पोचावा, या म्हणण्यात तथ्य आहे. पण ठाण्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हद्दीतली गल्लीन् गल्ली ठाऊक असते, कोणता साक्षीदार कोर्टात फिरेल आणि कोणता टिकेल हे त्याला चेहऱ्यावरून कळते, आणि हे सारे ज्ञान धोरण ठरते त्या खोलीत कधी पोचतच नाही, कारण तिथे पोचायच्या आत त्याचे ५८ वर्षांचे वय भरते. यात मला अन्यायापेक्षा उधळपट्टी अधिक दिसते. तळाच्या माणसाची स्थिती तर याहून अवघड होती. २०२२ साली सरकारने पोलीस नाईक हे पदच काढून टाकले, म्हणजे शिपायाला थेट हवालदार होता यावे आणि निवृत्तीपूर्वी फौजदारकीचा तारा दिसावा. तेव्हा भावाच्या दुकानात दोन पट्ट्यांच्या नाईकाच्या बिल्ल्यांची दोन खोकी तशीच पडून राहिली. भाव पाडून विकायला त्यांना दुसरे गिऱ्हाईक कुठून मिळणार?

सहायक आयुक्तपदाची ऑर्डर फौजदारसाहेबांच्या हाती पडली २०१५ च्या गणपतीत. निवृत्तीला जेमतेम नऊ महिने उरले होते. ते चार जुने शर्ट आणि एका नव्या शर्टाचे कापड घेऊन आले. वडील म्हणाले, चारही नवे शिवू. ते म्हणाले, "नऊ महिन्यांसाठी कशाला मास्तर? एक शिवा, बाकीच्यांची फीत काढा." हल्ली खांद्यावर सरकवायच्या तयार फिती मिळतात, पण वडील फीत शिवूनच देत, म्हणून ती उसवावी लागली. मी ब्लेडच्या कोपऱ्याने एकेक टाका तोडत होते आणि ते समोर बसून पाहत होते. लाल-निळी फीत निघाली आणि तिच्याखाली खाकीचा बोटभर पट्टा तसाच गडद निघाला, अगदी दुकानातून आणलेल्या नव्या कापडासारखा. आजूबाजूचे कापड उन्हाने आणि धुण्याने फिकट झाले होते. मी ओल्या फडक्याने चोळले, इस्त्री फिरवली, पण तो पट्टा काही जाईना. वडील म्हणाले, "रंग उडायला वेळ लागेल." फौजदारसाहेब म्हणाले, "तेवढा वेळ कुठंय?" आणि तसेच शर्ट घेऊन गेले. त्या नऊ महिन्यांत नव्या सहायक आयुक्तांच्या खांद्याकडे कुणी निरखून पाहिले असेल, तर त्याला फीत नसलेल्या जागी फीत दिसली असेल.

३० जून २०१६ ला ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडावे लागले आणि ते बदलापूरला राहायला गेले. ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना, छत्री दाराबाहेर झटकून ते दुकानात आले, हातात पिशवी आणि पिशवीत पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे. मी त्या दिवशी राखीसाठी आलेली होते. वडिलांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. त्यांनी टेप लावला आणि आकडे मी वाचले. त्यांनी मला म्हटले, "वही घे." मी पान उघडले, तारीख घातली, आणि नाव लिहून हुद्द्याच्या रकान्यापाशी थांबले. निवृत्त असे लिहावे, की काहीच लिहू नये, मला कळेना. मी वर पाहिले. फौजदारसाहेब आरशासमोर हात थोडे दूर धरून उभे होते, जसे ते एकतीस वर्षे उभे राहत आले होते.

"लिही की," वडील म्हणाले, "फौजदार."

नोंद माझ्याच अक्षरात आहे: छाती ४२, कमर ३७, शोल्डर साडेसतरा. साधा शर्ट २. खिसा एकच, डावा. खांद्याला पट्टी नको.